बाळाच्या नावावरचं व्याज

३ जून

ठकू,

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले, आणि आता माझ्याच कानांनी संप पुकारलाय. परवा तू फोनवर काय सांगत होतीस ते मला ओ की ठो कळलं नाही. मी आपली "हो, हो" म्हणत राहिले. उद्या तू विचारशील, घर विकू का, तरी मी हो म्हणेन. त्यापेक्षा कागद बरा.

काम असं, की कर खात्याचं पत्र आलंय. तू कर सल्लागाराच्या ऑफिसात रोज हेच दळण दळतेस, म्हणून तुला विचारते. त्यांचं म्हणणं, माझं व्याजाचं उत्पन्न मर्यादेबाहेर गेलंय, त्यावर कर भरलेला दिसत नाही, दोन महिन्यांत खुलासा करा. व्याजावर कर? पैसे माझे, मी ते खर्च केले नाहीत, बिचारे बँकेत गप पडून होते. त्यांनी कुणाचं काय घोडं मारलं?

पत्रात व्याजाच्या तीन ओळी आहेत. पहिली माझ्या बचत खात्याची. दुसरी मुदत ठेवीची, तुझे काका गेल्यावर विम्याचे पैसे आले त्याची. या दोन्ही बरोबर. तिसरी ओळ मात्र माझी नाही. तिथे छापलंय, "खातेदार: बाळ (अज्ञान)", आणि पालक म्हणून माझं नाव. रक्कमही लहान नाही.

मला मूलबाळ नाही हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. कुणाचं तरी बाळ चुकून माझ्या पदरात पडलंय. ही ओळ खोडायला काय करायचं ते कळव. आणि कर लागत नाही अशी पैसे ठेवायची जागा असते म्हणतात, तीही सांग.

मावशी


९ जून

मावशी,

घर विकायचं ठरलं की फोनच करीन, काळजी करू नकोस.

तुझे पैसे बँक वापरते आणि त्याचं तुला भाडं देते. ते भाडं म्हणजे व्याज. घराचं भाडं आलं तर त्यावर कर लागतो, तसाच यावर. मात्र तुझ्या वयाच्या माणसांना व्याजाचा बराच भाग माफ असतो. पहिल्या दोन ओळी मिळून त्या माफीच्या आत बसतात. म्हणजे तिसरी ओळ गेली की तुला दमडीही भरायला नको.

ती ओळ तुझ्या गळ्यात का पडली तेही सांगते. अज्ञान म्हणजे अठराच्या आतलं मूल. अशा मुलाच्या नावावर व्याज जमा झालं, तर ते आईबापाच्या उत्पन्नात धरतात. तसं केलं नसतं तर प्रत्येक जण सगळा पैसा पोरांच्या नावावर टाकून मोकळा झाला असता. मूल सज्ञान झालं की खातं स्वतःच्या सहीनं ताब्यात घेतं, पालकाचं नाव कमी होतं आणि करही ज्याचा त्याचा होतो. यंदापासून सगळी जुनी खाती संगणकावर पालकांच्या नावाशी जोडली आहेत. त्यात आमच्या ऑफिसात रोज एक तरी घोळ येतो.

करमुक्त जागा म्हणशील तर दोन. एक सरकारी दीर्घ मुदतीचं खातं. त्यात वर्षाला ठरावीकच रक्कम टाकता येते, व्याजावर कर अजिबात नाही, पण पंधरा वर्षं हात लावता येत नाही. पंधरा वर्षांनी तू ब्याऐंशीची होशील. ते पैसे घेऊन जगप्रवासाला निघणार आहेस का? दुसरी जागा करमुक्त रोख्यांची. व्याज जरा कमी, पण दर वर्षी हातात पडतं. तू तेच घे.

आधी बँकेत जाऊन तिसऱ्या खात्याचा उतारा माग. ते कधी उघडलं, कुणी उघडलं, मुलाची जन्मतारीख काय, एवढं बघ. नुसती नावाची गल्लत असणार.

तुझी ठकू


२१ जून

ठकू,

उत्तराला उशीर झाला. दोनदा बँकेत गेले, आणि आल्यावर दोन्ही वेळा लिहायला बसवेना.

बँक पहिल्या मजल्यावर. खिडकीवरची बाई मायाळू आहे. माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलते, म्हणजे मला ओठांवरून कळतं. तिनं उतारा काढून दिला, चांगला चौदा पानांचा. खातं एकतीस वर्षांपूर्वी फेब्रुवारीत उघडलंय. पालकाची सही माझीच आहे. शेवटचा फराटा मी तेव्हा वर वळवायची, तसाच वळवलाय. तुझे काका त्या इमारतीची लिफ्ट सांभाळायचे, जुन्या मॅनेजरशी त्यांची ऊठबस होती. त्यांनी कधी कागद पुढे केला असेल आणि मी सही ठोकली असेल. मला आठवत नाही. मुलाच्या नावाच्या जागी नुसतं "बाळ" आहे. जन्मतारखेचा रकाना रिकामा.

दर महिन्याच्या अकरा तारखेला भरणा आहे. अगदी थोडा, चिल्लरच म्हण ना. पण एकतीस वर्षांत एक महिना चुकलेला नाही, आणि व्याजावर व्याज चढत गेलंय. तुझ्या काकांना जाऊन सहा वर्षं झाली, ठकू. ते गेले त्या महिन्यातही भरणा आहे, आणि पुढेही आहे.

मी खिडकीवरच्या बाईला विचारलं, "हे पैसे कोण भरतं?"

ती म्हणाली, "तुमचीच नात ना? दर महिन्याला येते की. हात पोचत नाही म्हणून खिडकीखालच्या पायरीवर चढते."

"मला नात नाही."

"मग शेजारपाजारची असेल. खात्याचा नंबर तोंडपाठ आहे तिला. फार गोड पोर आहे, बोलत मात्र नाही फारसं."

"केवढी आहे?"

"असेल सहा-सात वर्षांची."

"आणि तुम्ही इथे किती वर्षं आहात?"

"सहा," ती म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. तो हिशेब तिनं त्याआधी कधी केलाच नव्हता.

दुसऱ्या वेळी गेले तेव्हा तिनं भरण्याच्या चिठ्ठ्या काढून ठेवल्या होत्या. जुन्या साऱ्या तुझ्या काकांच्या अक्षरातल्या. सहा वर्षांपासूनच्या मोठ्या गोल अक्षरात, रेघेच्या वर-खाली जाणाऱ्या. पैसे भरणाऱ्याच्या नावापुढे दर चिठ्ठीवर एकच शब्द आहे: "मीच".

याला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात?

मावशी


२७ जून

मावशी,

याला आमच्या शास्त्रात करचुकवेगिरी म्हणतात. आपला पैसा दुसऱ्याच्या पडून राहिलेल्या खात्यात ठेवायचा, व्याजाचा कर त्याच्या डोक्यावर टाकायचा, आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून लहान पोरीला पुढे करायचं. मी अशी दोन प्रकरणं पाहिली आहेत. पोर तीच कशी, याचं उत्तर सोपं आहे. ती एक नाही. एकीमागून एक बहिणी येत असतील. खिडकीवरच्या बाईंना रोज शंभर चेहरे दिसतात.

रिकाम्या जन्मतारखेमुळेच हे खातं इतकी वर्षं लहान मुलाचं राहिलं. ज्याला जन्मतारीख नाही त्याचं वय संगणकाच्या लेखी वाढतच नाही. काका गेल्यावर कुणीतरी ही फट हेरली आहे. तू मॅनेजरला अर्ज दे, खातं गोठवा म्हणून.

आता एक विचारते, फाडून खाऊ नकोस. तू स्वतःच तर जात नाहीस ना बँकेत? मार्चमध्ये तू दूध गॅसवर ठेवून बाजारात गेली होतीस. काका दर महिन्याला जायचे हे तुला माहीत असेल, मनात कुठेतरी राहिलं असेल. गोळ्या वेळेवर घेतेस ना?

काकांनी ते खातं मुळात का उघडलं, हे आईला माहीत असेल. तिला विचारून कळवते.

ठकू


२ जुलै

ठकू,

सहा-सात वर्षांची पोर आणि सदुसष्ट वर्षांची म्हातारी यांतला फरक खिडकीवरच्या बाईला कळतो. दूध उतू गेलं म्हणून माणूस चळत नाही.

तुझ्या आईला विचारू नकोस. हे पत्र मिळेल त्या दिवशी विचारणार असशील तर त्या दिवशी गप्प बस.

मावशी


८ जुलै

मावशी,

तुझं पत्र यायच्या आधीच मी विचारून बसले होते. माझं चुकलं.

आई इस्त्री करत होती. मी अगदी सहज म्हटलं, "काकांनी मावशीच्या नावावर कुठल्या बाळाचं खातं उघडलं होतं?" तिनं इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं आणि अर्धवट ओल्या कपड्यांवरच बसली. म्हणाली, "ते अजून आहे?" मग म्हणाली, "तिला काही विचारू नकोस. तिला त्या पोरीचं तोंडसुद्धा दाखवलं नव्हतं."

नंतर तिनं सगळं सांगितलं. मी ते इथे पुन्हा लिहीत नाही. तुझ्या घरी मी इतक्या सुट्ट्या काढल्या, तुझ्याजवळ झोपले, तुझ्याकडून वेणी घालून घेतली, आणि मला एवढंही माहीत नव्हतं. गोळ्यांबद्दल विचारलं त्याची लाज वाटते.

एक मात्र करते. तू अर्जबिर्ज काही देऊ नकोस. ते खातं कुणीही वापरत असो, कर कितीही असो, यंदाचा मी भरून टाकते. मोठी रक्कम नाही. तू बँकेत जाऊ नकोस. अकरा तारखेला तर नकोच.

ठकू


१३ जुलै

ठकू,

लाज वाटून घेऊ नकोस. जे मीच कुणाला सांगितलं नाही, ते तुला कुठून ठाऊक असणार?

आता विचारलंच आहेस, तर माझ्याकडून ऐक. मला उशिरा दिवस राहिले, छत्तिसाव्या वर्षी. तुझ्या काकांना धीर म्हणून नव्हता. आठवा लागला न लागला, तोच त्यांनी मॅनेजरला गळ घालून खातं उघडलं. "नाव आणि तारीख मागाहून भरू," म्हणाले. मी सही केली ती चांगली आठवते. सही करताना पोटात लाथ बसली होती, म्हणून तर फराटा एवढा वर गेलाय. तुला आठवत नाही म्हणाले ते खोटं.

अकरा मार्चला ती झाली. रडली नाही. डॉक्टर तिला घेऊन गेले. तुझे काका त्यांच्यामागून गेले आणि हात हलवत परत आले. मला म्हणाले, "बघू नकोस, नाहीतर कायमची डोळ्यांसमोर राहील." मी ऐकलं. त्यांना वाटलं, ते माझं भलं करतायत. आणि दिसलीच नाही म्हणून की काय, ती कुठल्याही वयाची होऊन माझ्या डोळ्यांपुढे यायची.

खातं त्यांनी बंद केलं असेल असंच मी धरून चालले. आता कळतंय, तो तारखेचा रकाना त्यांनी मुद्दाम मोकळा ठेवला. जन्माची तारीख लिहिली असती तर त्याच दिवसाची दुसरी तारीखही लिहावी लागली असती.

तू जाऊ नकोस म्हणालीस. मी गेले. अकराला बँक उघडायच्या आधीच दारात उभी होते. खिडकीसमोर लोकांसाठी बाक आहे, त्याच्या कडेला बसले. माझे कान गेलेत, डोळे नाही. पेन्शनवाले आले, एक शिक्षिका शाळेच्या फीचं पाकीट घेऊन आली, दोन दुकानदार आले. पोर एकही नाही. खिडकीवरची बाई मधून मधून माझ्याकडे बघून हसत होती. मला वाटलं, म्हातारीची कीव करतेय. वर पंखा होता, त्याच्या वाऱ्यानं माझा डावा हात पार गारठला. तो मी पदरात घेणार होते, पण का कोण जाणे, घेववेना. तसाच बाकावर राहू दिला.

जेवणाच्या सुट्टीला खिडकी बंद व्हायला आली तेव्हा मी उठून विचारलं, "आज आली नाही ना?"

ती म्हणाली, "असं काय करता? आत्ता तर गेली. पैसे भरले आणि तुमच्या शेजारी येऊन बसली. सगळा वेळ तुमचा हात धरून होती. मी म्हटलं, चला, ओळख पटली एकदाची."

तिनं चिठ्ठी दाखवली. शिक्का त्याच दिवसाचा, शाई अजून ओली. नाणी तिच्या टेबलावरच होती. मी हात लावला. ती म्हणाली, "नेहमी अशीच गार असतात, बर्फातनं काढल्यासारखी."

तू कर भरू नकोस. तो मी भरणार. मी कुणाची आई आहे असं लिहिलेला या जगात एकच कागद आहे, आणि तो कर खात्यानं पाठवलाय.

मावशी


१९ जुलै

मावशी,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि मग दिवसभर मला एकही बेरीज जमली नाही. मी तर्क लढवणार नाही. खिडकीवरच्या बाई खोटं बोलत असतील असं म्हणायचं होतं, पण त्यांनी खोटं का बोलावं ते मला सुचत नाही.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे विवरणपत्र भरलंय. तिन्ही व्याजं तुझ्या उत्पन्नात दाखवली. "अज्ञान अपत्ये किती" असा रकाना असतो. तिथे मी एक लिहिलं. सोबतच्या कागदावर सही करून बँकेत पैसे भर.

पुढच्या वर्षाचं काय, हा प्रश्न राहतोच. खातं बंद करायला मृत्यूचा दाखला लागेल. तो निघत नाही, कारण जन्माचाच दाखला नाही. ज्याचा जन्म नोंदलेला नाही, त्याचा मृत्यू कुठलंही ऑफिस नोंदवून घेत नाही. मी तीन ठिकाणी चौकशी केली. एकच सरळ वाट आहे. खातेदाराची माहिती दुरुस्त करायचा अर्ज असतो. त्यात खरी जन्मतारीख आणि नाव भरायचं. तारीख खरीच आहे, म्हणून त्यात खोटं काही नाही. तारीख भरली की संगणक वय मोजेल, एकतीस. खातेदार सज्ञान ठरेल, व्याज तुझ्या उत्पन्नातून जाईल. मग खातेदारानं येऊन सही केल्याशिवाय त्या खात्याला कुणाला हात लावता येणार नाही. खातं तसंच पडून राहील, कायमचं.

म्हणजे ही तिसरी ओळ पुन्हा छापून येणार नाही. तुला ते नको असेल तर भरू नकोस. दर वर्षी कर भरू, मी आहे. मला घाई नाही, मावशी. मला फक्त तू त्या बाकावर एकटी बसलेली आवडत नाहीस.

ठकू


५ ऑगस्ट

ठकू,

कर भरला. पावती जपून ठेवलीय.

तुझा अर्ज पंधरा दिवस टेबलावर होता. वरून ताट ठेवायचे, वर्तमानपत्र ठेवायचे, तरी कोपरा दिसायचाच. माझा जीव त्या ओळीत अडकलाय हे तू बरोबर ओळखलंस. पण मग मला ती पायरी दिसू लागली. सहा वर्षं झाली, पोर तीच पायरी चढतेय. तेवढ्या काळात खिडकीवरच्या बाईची मुलगी शाळा संपवून कॉलेजात गेली. हिची मात्र अजून बोटंच तेवढी पोचतात काचेपर्यंत. तिच्या बापानं रकाना मोकळा ठेवला तो मायेपोटी, आणि मी ती ओळ धरून बसले तीही मायेपोटीच. दोघांनी मिळून पोरीला वाढू दिलं नाही.

काल जाऊन अर्ज दिला. तारीख लिहिली. नावापाशी थांबले. तुझ्या काकांनी आणि मी एक नाव ठरवलं होतं, ते एकतीस वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. ते लिहिलं. तुला सांगत नाही. जिचं नाव आहे तिच्या कानावर आधी पडू दे.

खिडकीवरच्या बाईनं अर्ज दोनदा वाचला. तारखेवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. शिक्का मारून आत दिला.

मावशी


२४ ऑगस्ट

मावशी,

तुझं विवरणपत्र मंजूर झाल्याचं कळलं. खुलाशाची गरज उरली नाही, प्रकरण मिटलं. यंदा तू अगदी काटेकोर करदाती आहेस. शाबासकी तेवढी कुणी देत नाही, म्हणून मी देते.

अकरा तारीख होऊन गेली, आणि तुझं पत्र नाही. गेलीस का बँकेत? काय झालं? काही झालं नसेल तर तेही लिही. आई रोज टपाल आलं का विचारते. काल तिनं जुन्या पेटीतून एक लोकरीचं टोपडं काढलं. तेव्हाच तुझ्यासाठी विणून ठेवलं होतं म्हणाली, द्यायचं राहून गेलं. ते माझ्याबरोबर पाठवायचंय.

मी रजा टाकली आहे. पंधरा सप्टेंबरला निघते, दहा दिवस राहीन. माझी नेहमीची मधली खोली झाडून ठेव.

ठकू


२ सप्टेंबर

ठकू,

अकराला मी गेले नाही. मुद्दामच गेले नाही. अर्ज दिल्यावर कुणी येणार नाही हे मनाशी पक्कं केलं होतं, आणि रिकामी पायरी बघायला जायचं धाडस नव्हतं.

मग बँकेचं पत्र आलं, चार ओळींचं. खातेदार सज्ञान झाल्यामुळे तिच्या सहीनं खातं तिच्या ताब्यात दिलं आहे. पालक म्हणून आपलं नाव कमी करण्यात आलं आहे. कळावे.

ते घेऊन तशीच बँकेत गेले. खिडकीवरची बाई माझीच वाट बघत असावी. खिडकीवर फळी लावून बाहेर आली आणि माझ्याजवळ बाकावर बसली.

"अकरालाच आल्या," ती म्हणाली. तिनं पहिल्यांदाच "आल्या" म्हटलं. "मी ओळखलं नाही आधी. एकतीस वर्षांच्या दिसतात तशा दिसत होत्या. पायरी बाजूला सरकवून उभ्या राहिल्या. मग तुम्ही राहता तसा एका पायावर भार दिला, तेव्हा मला कळलं."

"कागद मागितलेत?"

"मागितले. सगळे होते. मी मॅनेजरना दाखवले, त्यांनीही बघितले. एकही चूक नव्हती. नंतर फाईल उघडली तर आमच्या प्रती कोऱ्या निघाल्या. सही तेवढी राहिली आहे."

तिनं सही दाखवली. शेवटचा फराटा वर वळवलेला.

"पैसे नेले?"

"नाही. सगळे दीर्घ मुदतीच्या करमुक्त खात्यात टाकले. बसेल तेवढे यंदा, बाकीचे दर वर्षी. मी म्हटलं, पंधरा वर्षं हात लावता येणार नाही बरं का. त्या म्हणाल्या, चालेल."

पंधरा वर्षं, ठकू. मुक्काम लांबचा दिसतोय.

नव्या खात्याचा अर्ज मी वाचला. वारसाच्या जागी माझं नाव आहे, आणि नात्याच्या रकान्यात "आई" लिहिलंय. मोठं गोल अक्षर आता नीट रेघेवर बसतं. पत्त्याच्या रकान्यात या घराचा पत्ता आहे. मी विचारलं, हा तुम्ही भरलात का? ती म्हणाली, "नाही हो. मी विचारलं, राहता कुठे? तर म्हणाल्या, अजून राहत नाही. आजपासून."

घरी आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. कुलूप मी लावलं तसंच होतं.

माझी काळजी करू नकोस. मी जेवते, झोपते, गोळ्या घेते. तुझ्या आईनं दिलेलं टोपडं घेऊन ये. लहान होईल, पण आण. पंधराला ये, हवे तेवढे दिवस राहा. फक्त झोपायला माझ्या खोलीत अंथरूण घालीन. मधली खोली आता रिकामी नाही.

मावशी